लाल दोरा मोठ्याचा

नोकरीची सगळी वर्षं मी एकच प्रश्न विचारत आले: हे रक्त कोणाचं? प्रश्न पोलिसी वाटतो, पण माझा पोलिसांशी काही संबंध नाही. नवी मुंबईतल्या एका कर्करोग रुग्णालयाला जोडलेल्या प्रयोगशाळेत मी संशोधक होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता खांदेश्वरला राहते, सकाळी चालायला जाते, आणि सोसायटीतल्या बायका बाकावर बसल्या बसल्या विचारतात, "तुम्ही नक्की काय करायचात हो?" अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं आणि वर सुचवलं, की जरा यशाच्या गोष्टी लिहा, दिवाळी आहे. लिहायला बसले आणि लक्षात आलं, की यश होतं ते डॉक्टरांचं आणि पेशंटांचं. माझ्या वाट्याला आला तो गोंधळ. तोच लिहिते.

आधी कामाविषयी थोडं सांगते. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथल्या मूळ पेशी जन्मभर नवं रक्त काढत बसतात. रक्ताच्या काही कर्करोगांत हा कारखानाच बिघडतो. मग जबर औषधं देऊन तो बंद पाडतात आणि दुसऱ्या कोणाच्या, बहुतेकदा सख्ख्या भावाबहिणीच्या, मूळ पेशी आणून सोडतात. याला प्रत्यारोपण म्हणतात, म्हणून नातेवाइकांना वाटतं मोठं ऑपरेशन असणार. ते कपाळाला अंगारा लावून बाहेर उभे असतात आणि आत सलाईनसारखी एक पिशवी लावलेली असते. "एवढंच?" असं तोंड पाडून विचारणारे मी कितीतरी पाहिलेत. त्या पेशी शिरेतून आत जातात आणि हाडांची वाट आपली आपण शोधतात. ती कशी सापडते यावर मी वर्गात तासभर बोलायचे, आणि वर्गाबाहेर पडल्यावर मलाच ते खरं वाटायचं नाही.

सगळं नीट झालं तर माणूस तोच राहतो आणि त्याच्या अंगात रक्त दुसऱ्याचं वाहू लागतं. किती दुसऱ्याचं आणि किती जुनं स्वतःचं, हे मोजणं माझं काम. डीएनए यंत्रात घातला की पडद्यावर शिखरांची रांग उमटते. प्रत्येकाची रांग वेगळी. प्रत्यारोपणाआधी पेशंटचं आणि देणाऱ्याचं रक्त घेऊन ठेवायचं, आणि नंतर दर काही आठवड्यांनी पेशंटच्या रक्तात कोणाची शिखरं दिसतात ते बघायचं. सगळी देणाऱ्याची दिसली की मिठाई. पेशंटची स्वतःची हळूच डोकं वर काढायला लागली की जुना आजार परतत असण्याची भीती.

या कामात गिऱ्हाईकं फार मजेशीर भेटली. वाशीच्या एका बाईंना भावाच्या पेशी दिल्या होत्या. त्यांचा रक्तगट बदलला. त्या काळजीनं विचारायला आल्या, की भाऊ मटण खातो, मी चतुर्थी करते, तर आता उपवास लागू पडेल का? एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, पत्रिका माझी बघायची की बहिणीची? मी हसले नाही. कारण त्यांच्या रक्ताचा नमुना कोणी नाव न सांगता मला दिला असता, तर मीही लिहिलं असतं, 'स्त्री'. आणि समोर मास्तर झुपकेदार मिशांवरून हात फिरवत बसले होते.

आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत जयेश होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याचे ट्रेलर चालतात. मूळ घर खाडीकाठच्या गावातलं; शेतं गेली, घराच्या जागी चार मजली इमारत आली. पस्तिशीचा धिप्पाड गडी, आजारानं अर्धा झालेला. त्याला धाकटा भाऊ नितेश यानं पेशी दिल्या. पहिला रिपोर्ट समजावून सांगताना मी शिखरं, रांगा, टक्के असं बरंच काही बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे म्याडम, चासी माजी, इंजिन नितेशचा."

"अगदी तसंच."

"मंग आरसी बुकात काय लिवायचा?"

त्याचं हे उदाहरण मी पुढे विद्यार्थ्यांना शिकवताना बेधडक माझं म्हणून वापरलं. 

आता माझी चूक सांगते. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. सगळे डॉक्टरेटवाले, पण त्या दिवशी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरला झेंडूचा हार घातला नाही तर वर्षभर तो नीट चालणार नाही, अशी आमची मनोमन खात्री. माझ्याबरोबर फरीदा होती, आमची तंत्रज्ञ, मूळची रायगडच्या किनाऱ्याकडची. हार तीच आणायची, माप तिला पाठ. त्या वर्षी पूजेआधी साफसफाई करायचा उत्साह माझ्या अंगात आला. एक खोका बाहेर काढला, नळ्यांवर बर्फ जमला होता, आणि मी स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक नळी चकचकीत पुसली. पुसून झाल्यावर फरीदा म्हणाली, "मॅडम, नंबर?"

सहा नळ्यांवरचे नंबर माझ्या बोळ्यावर आले होते. निळे डाग दिसत होते, आकडा एकही नव्हता.

नियम असा, की ज्या नळीची ओळख नाही ती ठेवायची नाही. मी नियमाची पक्की. सहाही नळ्या तेव्हाच नष्ट केल्या आणि वहीत तशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी यादी लावल्यावर कळलं, की त्यांतली एक जयेशची होती. प्रत्यारोपणाआधीच्या रक्ताची, आणि नितेशच्या पेशी त्याला आदल्याच आठवड्यात चढवून झाल्या होत्या. अजून यंत्रावर चढवलेलीही नव्हती, कारण आम्ही पेशंट आणि देणारा दोघांच्या रांगा पहिल्या तपासणीच्या वेळीच एकत्र चालवायचो. त्या नळ्या फेकायच्या आधी सहाही चालवल्या असत्या, तर नितेशचा सख्खा भाऊ कोणती नळी आहे हे कळलं असतं. हे मला सुचलं आठवड्यानंतर, भाजी निवडताना.

पहिले दोन महिने काही अडलं नाही. जयेशच्या रक्तात फक्त नितेशच दिसत होता. तिसऱ्या महिन्यात पडद्यावर एक बारकं शिखर आलं. नितेशच्या शिखराच्या अगदी शेजारी, बुटकं. अशी सावली यंत्र कधीकधी स्वतःहून पाडतं, तिला काही अर्थ नसतो. पण तिथे जयेशचं स्वतःचं शिखर असणार असेल, तर ती सावली नसून जुनं रक्त असू शकतं. कोणतं, ते कळायला जयेशची मूळ रांग हवी. ती मी स्पिरिटनं पुसली होती.

डॉक्टर दारातच उभे राहिले. "मला हो किंवा नाही सांगा. जुनं रक्त परत येत असेल तर भावाच्या पेशींना आवरून धरणारं औषध आजच कमी करायला हवं, त्याच्या आणखी पेशी द्यायला हव्यात. येत नसेल आणि मी दिल्या, तर त्या जयेशचंच आतडं, यकृत फोडून काढतील. माणूस जाईल."

मग धावपळ सुरू झाली. तोंडातून कापसाचा बोळा फिरवून घेतला, तर लाळेतही नितेशच्या पेशी भरलेल्या. नखं औषधांनी भुगा झालेली, त्यांतून वाचण्याजोगं काही निघेना. केस मुळासकट हवेत, तर डोक्यावर, भुवयांवर नुसती लव. कातडीचा तुकडा घ्यावा, तर प्लेटलेट इतके कमी की डॉक्टर हात लावू देईनात. आजाराचं पहिलं निदान दुसरीकडे झालं होतं, तिथून जुन्या काचपट्ट्या मागवल्या. 'शोधतोय' असं उत्तर आलं. त्या अजून शोधतायत.

जयेशच्या खोलीत जाऊन मी सांगितलं, की तुमचा पहिला नमुना खराब झाला. कोणी खराब केला ते सांगितलं नाही. आजाराआधीचं काहीतरी तुमच्या शरीराचं हवं होतं, असं म्हणता म्हणता वैतागून बोलून गेले, "आता काय जन्माची नाळ मागू तुमच्याकडे?"

जयेश उशीला टेकून म्हणाला, "आयेजवल हाय ना."

बाळाची नाळ सुकून गळून पडते, तो तुकडा आपल्याकडे पुष्कळ घरांत जपून ठेवतात. फरीदाच्या अम्मीनंही ठेवलीय. मी आयुष्यभर डीएनए शोधत फिरले आणि हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत रुमाल, रुमालात पितळेची डबी. डबीत दोन काळपट, मनुक्यांएवढे तुकडे. एकाला लाल दोरा, एकाला पांढरा.

"लाल दोरा मोठ्याचा," त्या म्हणाल्या. "पांढरा नितेशचा."

"मावशी, पांढराही थोडा लागेल. पडताळून बघायला."

"घ्या. पन परत मिलंल ना?"

"मिळेल की," मी म्हणाले. "जरासा तुकडा कापून घेतो."

पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यातून सुंदर रांग आली, शिखरागणिक नितेश. आम्ही दोघींनी टाळी दिली. लाल दोऱ्याचा कापलेला तुकडा मात्र काही देईना. पुन्हा कापला, पुन्हा काही नाही. डॉक्टरांचा फोन दर तासाला. तिसऱ्यांदा मी उरलेला सगळा तुकडा नळीत टाकला. फरीदानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि झाकण लावलं.

या वेळी रांग आली. स्वच्छ, ठसठशीत. आणि पहिल्याच खुणेवर लिहिलं होतं: स्त्री.

प्रयोगशाळेत असं झालं की पहिला संशय आपल्यावर घ्यायचा. नमुना हाताळणाऱ्या दोघीही बायका. माझी शिंक, फरीदाचा केस, काहीही असेल. आमच्या दोघींच्या रांगा नोंदलेल्या असतात, त्या लावून बघितल्या. मी नव्हते. फरीदाही नव्हती. मग त्या माउलीचं बोट लागलं असेल म्हणून बघावं, तर ही रांग नितेशच्या रांगेशी फारच खेटून जात होती. आईचं मुलाशी प्रत्येक जागी निम्मं तरी जुळतं; इथे काही जागी दोन्ही शिखरं तीच, काही जागी एकही नाही, जशी भावंडांत असतात.

फरीदानं दोन्ही रांगा एकाखाली एक लावल्या. "मॅडम," ती म्हणाली, "ही बहीण आहे."

जयेशच्या फाइलमध्ये भावंडं: एक भाऊ. बहिणीचा रकाना कोरा. डॉक्टरांना काय सांगू? जयेशला विचारू? हे माझ्या कामात बसतं का? मी दोन दिवस काढले. त्या दोन दिवसांत ते बारकं शिखर वाढतंय की नाही, हेही कोणाला माहीत नव्हतं. शेवटी मावशींना एकटीला बोलावलं, फरीदाला चहा आणायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"मावशी, लाल दोऱ्याचा तुकडा जयेशचा नाही. मुलीचा आहे."

त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. चहा आला, त्यावर साय धरली. मग त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"दोगांच्या मधली. चवदा दिसांची झाली व्हती. बारसा झाला, नाव ठेवला, आनि दोन दिसांनी गेली. घरात कोन नाव घेत नाय. जयेशला ठाव पन नाय."

डबीत तीन नाळी होत्या. जुनं घर पाडायच्या वेळी सामान हलवताना डबी सांडली, दोनच सापडल्या. त्यांनी मनाशी धरलं, की हरवली ती पोरीचीच. लहानशी होती, कोणाच्या पायाखाली गेली असेल. मग उरलेल्या दोन्हींना दोरे बांधले, लाल आणि पांढरा, म्हणजे आता तरी घोळ नको.

"तवा लय रडलू. घरच्यांना वाटला, घर पाडला म्हनून रडतंय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "म्हंजे ती डबीतच व्हती? इतकी वरसा?"

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. हसू म्हणवत नाही. आणि पुढच्याच क्षणी ते मावळलं, कारण हिशोब त्यांनाही कळला.

"मंग जयेशचा हरवला? मंग त्याचा काय?"

"त्याचा मार्ग बघतोय आम्ही," मी म्हणाले. मार्ग काही नव्हता.

"तिची मना परत द्या. कवा देनार?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. दसऱ्यापासून. स्पिरिटचा बोळा, सहा नळ्या, आणि लाल दोऱ्याचा तुकडा तीनदा कापून संपवला ते. देईन म्हटलं होतं, आता द्यायला काही नाही, फक्त लाल दोरा आहे. फरीदानं नळी आणून दाखवली. तळाशी पाण्यासारखा थेंबभर द्रव. तिचं जे काही आहे ते यात आहे, असं म्हणाले, आणि माझ्याच कानांना ते खोटं वाटलं, जरी शास्त्राप्रमाणे ते शब्दशः खरं होतं.

मावशींनी नळी उजेडात धरून बघितली. त्या ओरडतील, तक्रार करतील, अशी माझी तयारी होती. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"ही घरी न्यायला चालते?"

"नियमात बसत नाही. पण तुम्ही न्या, मी बघते काय ते. फक्त फ्रिजमध्ये ठेवावी लागेल."

त्यांनी विचार केला. "नको. आमचे फ्रिजमदी म्हावरा असतो. हितंच बरी हाय."

नाव काय ठेवलं होतं, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. आमच्याकडे नळीवर फक्त नंबर असतो, नाव लिहायला सक्त मनाई. मी न पुसली जाणारी शाई घेतली आणि नाव लिहिलं.

त्या दिवशी डॉक्टरांना मी रिपोर्ट दिला: निष्कर्ष काढता येत नाही. नोकरीत इतकं लाजिरवाणं वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं. ते चिडले, येरझाऱ्या घातल्या, आणि म्हणाले, मग मी थांबतो. तीन आठवडे ते थांबले. मी रात्री उठून पाणी प्यायचे आणि मनात ते शिखर वाढवत बसायचे. तीन आठवड्यांनी प्लेटलेट वर आले, कातडीचा नमुना मिळाला, त्याच दिवशी नवं रक्तही आलं. रक्तात शिखर नव्हतं. पार सपाट.

आणि कातडीतल्या रांगेत, नेमकं त्याच जागी, जयेशचं शिखर होतं.

म्हणजे ते बुटकं शिखर यंत्राची सावली असू शकेल. किंवा जुनं रक्त खरंच परतत होतं आणि नितेशच्या पेशींनी ते आपलं आपण निपटलं, असंही असू शकेल. म्हणजे जयेशची नाळ मिळाली असती तरी पक्कं कळलं नसतंच. उलट जागा जुळलेली बघून डॉक्टरांनी आणखी पेशी दिल्या असत्या, आणि मग काय झालं असतं ते मी लिहू शकत नाही. नळी पुसली नसती तरी तेच. माझ्या चुकीनं माणूस वाचला, असं म्हणायची सोय नाही, आणि तसं नाही असंही म्हणता येत नाही. सहकाऱ्यांसमोर मी हे कितीदा मांडलं. प्रत्येकानं वेगळं सांगितलं.

मावशींना गोंधळ नव्हता. मी सगळं समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बहिनीनं राखला त्याला."

"तसं नाही हो मावशी, शास्त्र असं…"

"तुमाला ठाव हाय का कसा झाला ते?"

मला ठाव नव्हतं.

या गोष्टीला सात वर्षं झाली. जयेश ठणठणीत आहे. त्यानं पुन्हा ट्रेलर हाकायला घेतले, डोक्यावर पहिल्यापेक्षा दाट केस आले. बहिणीचं त्याला सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. आधी दर तीन महिन्यांनी, मग वर्षातून एकदा तपासणीला यायचा, आणि मावशी बरोबर असायच्याच. त्याचा रिपोर्ट चांगला आहे असं मी सांगितलं, की तो गाडी काढायला खाली जायचा. मावशी रिपोर्टच्या खिडकीशी मागे राहायच्या आणि हळूच विचारायच्या, "आनि ती कशी हाय?"

"आहे," मी सांगायचे. "मस्त थंडीत आहे."

"मंग बरा."

खरं सांगायचं तर दर वेळी मी उठून बघत नसे.

निवृत्तीआधीच्या महिन्यात आमचे फ्रीजर बदलले. ज्या नळ्यांना पेशंट नाही, संमतीपत्र नाही, त्या सगळ्या नष्ट करायच्या, असा आदेश आला. यादीवर सही माझी. निरोपसमारंभ, कागदपत्रं, चाव्या, सगळी घाई. ती नळी आधी काढून वेगळी ठेवायची असं मी ठरवलं होतं, हे पक्कं आठवतं. काढली का, ते आठवत नाही. फरीदा त्याच सुमारास नोकरी सोडून मुलाकडे गेली, तिला विचारलं तर तिला वाटत होतं मी काढली, आणि मला वाटत होतं तिनं काढली.

जाऊन बघायचं धाडस मी केलं नाही. दोन वर्षं, खांदेश्वरला, एका रिक्षाच्या अंतरावर राहून, मी तिकडे फिरकले नाही.

गेल्या महिन्यात दुपारी फोन आला. माझ्या जागी आलेली मुलगी, निशा. फार हुशार आहे, नियमाची माझ्यासारखीच पक्की.

"मॅडम, सॉरी हां, तुम्हाला डिस्टर्ब केलं. इथे एक मावशी आल्यात. गेल्या वर्षी मुलगा एकटाच आला होता. त्याचा रिपोर्ट दिला मी, नॉर्मल आहे. पण त्या जातच नाहीयेत. 'ती कशी हाय' असं विचारतात. कोण ती? सांगतात म्याडमना विचार."

नीट ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद केला.

"फ्रीजर उघडशील? जुने खोके ज्या कप्प्यात ठेवलेत तिथे, अगदी मागे."

"नंबर काय मॅडम?"

"नंबर नाही. नाव आहे." मी नाव सांगितलं.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग फ्रीजरच्या दाराचा, मग खोके सरकवल्याचा. बराच वेळ नुसता यंत्राचा घुमारा. मी मनातल्या मनात मावशींची माफी मागायला सुरुवात केली होती, शब्द जुळत नव्हते. दुसरा खोका. तिसरा. मग पावलं.

निशा माझ्याशी बोललीच नाही. खिडकीकडे तोंड करून बोललेलं मला लांबून ऐकू आलं.

"आहे, मावशी. सापडली."

"मंग बरा," मावशी म्हणाल्या. "जास्ती वेल भाईर नको ठेवू तिला."